तुमसरहून आलेला पाहुणा

सकाळचे साडेदहा वाजले होते. मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात, पुंडलिकराव बारापात्रे यांच्या ओसरीवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्यांच्या थोरल्या सुनेनं, वच्छलानं, सांगितलं, "नाही जी, आमच्या घरी कोणी बिमार नाही."

माणूस मोटारसायकलवर आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, बोलणं अदबीचं. तुमसरहून आलो म्हणाला, पुंडलिकरावांचं घर हेच ना, थोडी चौकशी करायची होती. वच्छलानं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. कारण आदल्या संध्याकाळपासून ती ज्याची वाट पाहत होती तो माणूस हाच, असं ती त्या क्षणी धरून चालली.

तिची एकुलती एक मुलगी प्रतिक्षा भंडाऱ्याला एका पतसंस्थेत नोकरीला होती आणि तिथंच खोली घेऊन राहत होती. तिच्यासाठी तुमसरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा राइस मिलच्या कार्यालयात, वडिलांची धान्यबाजारात दलाली. त्या भागात सोयरीक जुळण्याआधी मुलाकडचं कोणीतरी घर पाहून जातं, आणि शहाणी माणसं सांगून येत नाहीत. ओसरी झाडलेली आहे का, म्हाताऱ्यांना कसं ठेवलंय, घरात दारू आहे का, बिमारी आहे का, हे न सांगता गेल्यावरच दिसतं. मध्यस्थी करणाऱ्या बायजाबाईनं आदल्या दिवशी बाजारात वच्छलाला बाजूला घेऊन बजावलं होतं, की एकदोन दिवसांत तुमसरचं कोणी येईल, तयारीत राहा.

आणि घरात बिमारी होती. मधल्या खोलीत, पुंडलिकरावांच्या पलंगाशेजारी, ती दिवसरात्र घुमत होती.

पुंडलिकरावांचं आयुष्य हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेलं. सुताची धूळ आणि बिडीचा धूर, दोन्ही मिळून फुफ्फुसं गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी इस्पितळातून सोडताना सांगितलं, की आता औषधानं भागणार नाही, घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल आणि दिवसातला बहुतेक वेळ नळी नाकात ठेवावी लागेल. यंत्र भाड्यानं आलं. विजेवर चालायचं, खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचं. घरातले सगळे त्याला नुसतं मशीन म्हणत. पहिल्या दिवशी पुंडलिकराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा माग बरा आहे. माणूस नसला तरी चालते."

भाडं विम्यातून मिळत होतं, आणि ते कसं मिळतं हे धाकट्या दिरानं, नीलेशनं, वच्छलाला फोनवर दोनदा समजावलं होतं. तो नागपूरला राहून बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी करत होता. कारखान्याच्या सामूहिक विम्यात आईवडील येत. इस्पितळाचं बिल बहुतेक सगळेच विमे देतात. पण घरी न्यायची वस्तू, चाकाची खुर्ची असो, वरखाली होणारा पलंग असो की ऑक्सिजनचं यंत्र, ती बहुतेक पॉलिशींत बसत नाही, लोकांना हे घरी आल्यावर कळतं, असं तो म्हणाला होता. त्यांच्या कारखान्यानं जास्तीचं कलम घेतलं होतं म्हणून बाबांचं यंत्र बसलं. अटी दोन. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी पुन्हा लिहून द्यायचं, आणि विमा कंपनीचा माणूस कधीही, न सांगता, रोगी यंत्र वापरतो की नाही हे पाहून जाईल.

वच्छलानं ते ऐकलं होतं, तिला ते पाठही होतं. फक्त तो माणूस नागपूरहून येईल, गळ्यात ओळखपत्र असेल, हातात बॅग असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. कंपनीनं या कामासाठी तुमसरचाच एक माणूस नेमलेला असेल, हे तिला कसं सुचावं... न सांगता येणारी दोन माणसं एकाच आठवड्यात, एकाच गावाहून, एकाच दारात यायची होती. त्यांतलं एक आलं आणि तिनं त्याला दुसरं समजून पाणी दिलं.

बिमारी लपवायची हे पुंडलिकरावांनी ठरवलं होतं. कोरोना ओसरून फार दिवस झाले नव्हते. नाकात नळी दिसली की लोक अजून दोन पावलं मागं सरत. कोणी टीबी म्हणे, कोणी त्याहून वाईट. बायजाबाईचा निरोप ऐकल्यावर त्यांनी सुनेला जवळ बसवून सांगितलं, की मशीन मागच्या कोठीत नेऊन पोत्यांआड ठेव, पलंग उभा कर, आणि मी मागावर बसतो. वच्छला नाही म्हणाली. नळी काढली की थोड्याच वेळात त्यांचे ओठ काळवंडतात, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, पाहुणा बसून बसून किती बसेल? ती तरीही नाही म्हणाली. तेव्हा ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "वच्छला, पोट्टीचा बाप असता तर त्यानं काही केलंच असतं ना? त्याच्या जागी मी आहो."

तेव्हा तिनं कोठीत पोत्यांमागं जागा केली.

म्हणून त्या सकाळी, मोटारसायकल थांबल्याचा आवाज येताच, वच्छलानं मशीन कोठीत ओढलं, आणि धुवट धोतर आणि काळी टोपी घातलेले पुंडलिकराव भिंतीचा आधार घेत मागाच्या खोलीत गेले आणि खड्ड्यात पाय सोडून बसले. पाहुण्यानं जे विचारलं ते नेमकं तेच होतं जे मुलाकडचा माणूस विचारेल. घरात किती जण, कमावतं कोण, म्हाताऱ्यांची तब्येत कशी. वच्छला उत्तरं देत गेली. पाहुण्यानं म्हाताऱ्यांना भेटता येईल का विचारलं, तेव्हा ती त्याला आत घेऊन गेली.

पुंडलिकरावांनी हात जोडले आणि उभ्या धाग्यांतून लाकडी धोटा फेकला.

वच्छला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. किती वर्षांनी तो आवाज... ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि कोष्टीपुऱ्यात घरोघरी माग चालत होते. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडत. कोणता धोटा कोणाचा, हे बायका अंथरुणातूनच ओळखत. अमक्याचा आज हळू आहे, रात्री भांडण झालं असेल, असं म्हणून हसत. तेव्हा बायका धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, उभ्या धाग्यांचा ताणा लावायला हात देत, पण मागावर बसत नसत. प्रतिक्षा चार वर्षांची असताना वच्छलाचा नवरा काविळीनं गेला. माहेरचे तिला न्यायला आले. पुंडलिकराव त्यांच्याशी काही बोलले नाहीत. त्यांनी तिला हात धरून नेलं आणि मुलाच्या रिकाम्या मागावर बसवलं. गल्लीतली माणसं दारात जमली. शेजारची निर्मलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की आता पुंडलिकराव चुलीसमोर बसतील वाटते. पुंडलिकराव म्हणाले, "बसन. तू जेवाले ये."

त्या मागावर वच्छलानं करवती काठाचं कापड विणलं, सासूचं दुखणं काढलं, प्रतिक्षाला वाढवलं आणि नीलेशला नागपूरला शिकवलं. नीलेश तेव्हा शाळकरी. संध्याकाळी तिच्या मागाशेजारी पोतं टाकून अभ्यासाला बसायचा, आणि धागा तुटला की वहीवरून मान न उचलता म्हणायचा, "वहिनी, तुटलं तुझं." तिच्या आधी त्याला ऐकू यायचं...

पाहुण्यानं फोटो काढू का विचारलं. वरच्यांना दाखवावा लागतो म्हणाला. मुलाच्या आजोबांना दाखवायचा असेल, असं वच्छलाला वाटलं. पुंडलिकरावांनी टोपी सरळ केली. चहा घेऊन पाहुणा गेला. मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत वच्छला हसऱ्या चेहऱ्यानं ओसरीवर उभी होती. आत वळली तेव्हा पुंडलिकराव मागाच्या आडव्या दांड्यावर कपाळ टेकून पडले होते. तिनं कोठीतून मशीन ओढत आणलं, नळी लावली, आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून, ती वर येते आहे की नाही, हे पाहत बसली. ओठांवर रंग यायला फार वेळ लागला. बोलता आलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पाहुण्याला घर पसंत पडलं का. मग तिच्याकडून वचन घेतलं, की हे प्रतिक्षाला कधी कळू द्यायचं नाही. तिला कळलं तर ती या स्थळाला उभी राहायची नाही.

स्थळ जुळलं. साखरपुडा तुमसरला झाला. पुंडलिकराव गेले नाहीत, आबाजींच्या गुडघ्याला लागलंय, असं प्रतिक्षाच्या सासरी सांगितलं गेलं. त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, नीलेश न कळवता मोहाडीला आला. चपलाही न काढता त्यानं फोन वच्छलासमोर धरला. त्यात पुंडलिकरावांचा फोटो होता. मागावर बसलेले, टोपी सरळ, नाकात नळी नाही.

विमा कंपनीनं दावा फेटाळला होता. रोगी धडधाकट असून काम करतो, यंत्र घरात आढळलं नाही, घरातल्या बाईनं कोणी आजारी नसल्याचं स्वतः सांगितलं. तेव्हा आजवरचे सगळेच दावे खोटे का धरू नयेत, अशी विचारणा थेट कारखान्याकडे गेली होती. नीलेशला साहेबांनी बोलावून खुलासा मागितला होता.

फोटो पाहताक्षणी वच्छलाला सगळं उमगलं. तो पाहुणा कोण होता, तिनं कोणाला काय सांगितलं... 

नीलेशनं विचारलं, हे खरं आहे का. ती हो म्हणाली. असं बोलली का? बोलली. मग त्यानं विचारलं, "काहून?"

आतल्या खोलीत पुंडलिकराव पलंगावर उठून बसले होते. दारातून त्यांची आणि वच्छलाची नजर भेटली. लग्न महिन्यावर आलं होतं. नीलेशला सांगावं तर तो आजच्या आज प्रतिक्षाला फोन करेल. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तिनं त्याला लहानाचा मोठा करताना शंभरदा पाहिलेलं. म्हाताऱ्यानं बोलावं असं तिला त्या क्षणी जिवाच्या आकांतानं वाटलं, आणि त्यानं बोलू नये म्हणून तिनंच मान हलवली. पुंडलिकरावांनी डोळे खाली केले.

नीलेश उत्तराची वाट पाहत होता. ते आलं नाही तेव्हा त्याला जे सुचलं ते त्यानं बोलून टाकलं. मशीन चालवायचा कंटाळा आला होता का, रात्रंदिवस म्हाताऱ्याचं करणं जड झालं होतं का, की बाबा अजून विणतात असं जगाला दाखवून मला नालायक ठरवायचं होतं... आणि शेवटी, आवाज खाली आणून, तो म्हणाला, "आता बाबांले तुमच्या हाती नाही ठेवत मी."

लहान असल्यापासून तो तिला 'तू' म्हणत आला होता. बाकीचं सगळं वच्छलानं ऐकून घेतलं. तो 'तुमच्या' तेवढा तिच्या काळजात रुतला.

संध्याकाळच्या आत पुंडलिकराव गाडीत बसून नागपूरला गेले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि खोकला आला. मशीन परत गेलं. नागपूरला नीलेशनं पदरमोड करून दुसरं लावलं. घर इतकं शांत झालं, की वच्छलाला पहिले काही दिवस विजेचं काहीतरी बिघडलं आहे असं वाटत राहिलं.

लग्न झालं. नीलेशनं काकाची सगळी कर्तव्यं केली, मांडवात उभा राहिला, पाहुणे सांभाळले, आणि वच्छलाशी कामापुरतं तिसऱ्याच्या तोंडून बोलला. त्याची बायको मोनिका एकदा तिच्याजवळ येऊन बसली. ताई, काही असलं तर मला सांगा, म्हणाली. वच्छलानं तिला अक्षता वाटायला पाठवलं. पुंडलिकराव मांडवात नव्हते. प्रवास झेपणार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. नळी लावून नातीच्या सासरच्यांसमोर बसायचं नव्हतं आणि नळीशिवाय बसता येत नव्हतं. ज्या लग्नासाठी त्यांनी मागावर बसून श्वास खर्चला ते लग्न त्यांनी नागपूरला, सोबतीला थांबलेल्या मोनिकाच्या आईच्या फोनवर पाहिलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा वच्छलाला वाटलं, आता तरी मोकळं व्हावं, नीलेशला गाठून सांगावं... पण मुलगी निघायची होती. मग ती निघाली, आणि मग सांगायला कोणी जवळ आलं नाही.

पुढचं वच्छलाला नंतर कळलं. लग्नानंतर काही दिवसांनी प्रतिक्षाची सासू मंदाबाई भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "तुये आबाजी लग्नाले काहून नाही आले वं? मशीन गाडीत नाही बसत काय?"

प्रतिक्षा गांगरली. तुम्हाला मशीनचं कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं, तर मंदाबाई हसायला लागली. मोहाडीच्या बाजारात कोणाला शिंक आली तरी ती तुमसरला ऐकू येते, म्हणाली. तुझ्या आबाजींच्या छातीचं आम्हाला मुलगी पाहायच्या आधीपासून ठाऊक, म्हाताऱ्या माणसाला दुखणं नाही तर काय तालीम असेल? प्रतिक्षानं विचारलं, मग घर पाहायला आलेल्या माणसाला कोणी काही सांगितलं नाही का. मंदाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. आमच्याकडून कोणी घर पाहायला गेलंच नव्हतं, ती म्हणाली. जाणार होते आमचे मामंजी, म्हणजे तुझे आजेसासरे, पण त्याच आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला, आणि बाजारातून सगळं कळलं होतं, मग राहिलं.

प्रतिक्षाला आठवलं, आईनं त्या दिवशी फोनवर आनंदानं सांगितलं होतं, तुमसरचे घर पाहून गेले. आणि विम्याच्या माणसानं काढलेला आबाजींचा फोटोही तिनं काकांच्या फोनमध्ये पाहिला होता. तिनं दोन्हींची तारीख ताडून पाहिली, ती एकच निघाली. मग तिनं नवऱ्याला सुटी काढायला लावली आणि ती तडक नागपूरला काकांच्या घरी गेली.

तिथं ती फार बोलली नाही. तिला बोलावं लागलं नाही. तिचं पहिलंच वाक्य ऐकून पुंडलिकरावांनी नाकातली नळी नीट केली आणि नीलेशला जवळ बोलावलं. "मीच मांडलं होतं ते," ते म्हणाले. "तिनं दोनदा नाही म्हटलं. आन् तू तिले बोलत होता, तवा मी आतून ऐकत होतो... एक शब्द नाही काढला मी. तिचं आयुष्य घेतलं आपण, नीलेश. तिची अब्रू बी घेतली."

वैशाख सरत आला होता. दुपारी वच्छला ओसरीवर कुरड्या वाळत घालत होती, तेव्हा नागपूरची गाडी दारात उभी राहिली. मागच्या बाकावर पुंडलिकराव होते, शेजारी छोटं सिलिंडर, मागं बांधलेलं मशीन. नीलेश उतरला, पायरीपर्यंत आला आणि तिथंच बसला. वच्छलानं पदराला हात पुसले. त्याचा चेहरा पाहिल्यावर आपण काय ऐकणार आहोत हे तिला कळलं होतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

"जेवून आला का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. मग तो दोन्ही हातांत तोंड धरून रडू लागला, शाळेत नापास झाल्यावर रडला होता तसा, खांदे हलवत, आवाज न करता. वच्छला त्याच्या शेजारी बसली.  आतून, गाडीतून, पुंडलिकराव ओरडले की मले उतरवता का इथंच वाळवता, तेव्हा दोघं भानावर आली.

"मले काहून नाही सांगतलं तू?" नीलेश म्हणाला.

"सांगतलं असतं तर तू पोट्टीले फोन केला असता."

"नसता केला."

"केला असता. दहावीचा पेपर फुटला तवा मास्तरले जाऊन कोणी सांगतलं होतं?"

तो रडता रडता हसला. मग गंभीर झाला, आणि जे बोलायला आला होता ते बोलला. आपण जे बोललो ते परत घेता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. वच्छला म्हणाली, नको घेऊ, पण 'तुम्ही' तेवढं घे.

पुंडलिकरावांना मधल्या खोलीत निजवलं, मशीन लावलं. चहा झाल्यावर नीलेशनं विम्याचं काढलं. तो कारखान्यात बोलून आला होता. कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. डॉक्टरांची कागदपत्रं, तपासण्या, सगळं आहे. पण त्या दिवशी घरातल्या बाईनं जे सांगितलं ते खोटं होतं, हे त्या बाईनंच सांगावं लागेल, लेखी आणि पुन्हा तपासायला येणाऱ्या माणसासमोर तोंडी. "तुझं नाव खोटं बोलणारी म्हणून जाईन तिथं," तो म्हणाला. त्याची इच्छा नव्हती. भाडं मी भरतो, राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. पण त्याच्या घराचे हप्ते, मुलीची शाळा, आणि डॉक्टरांनी आता जास्त ताकदीचं यंत्र सुचवलेलं, हे मोनिकानं वच्छलाला फोनवर आधीच सांगितलं होतं. भाडं फार दिवस झेपलं नसतं, आणि न झेपलं तर मामाजींना, म्हणजे पुंडलिकरावांना, पुन्हा इस्पितळात ठेवावं लागलं असतं. विमा तिथला खर्च देत होता. मग ते तिथंच, अखेरपर्यंत.

"मी खोटं बोलली होती," वच्छला म्हणाली. "मग तसंच सांगू ना."

मृगाच्या आठवड्यात तपासणी झाली. या वेळी एक डॉक्टरबाई आल्या, ओळखपत्र दाखवून. त्यांनी पुंडलिकरावांच्या बोटाला चिमटा लावून नळीसकट ऑक्सिजनचा आकडा पाहिला, मग नळी काढून पाहिला, आणि आकडा उतरू लागताच नळी स्वतःच्या हातानं परत लावली. वच्छलानं त्यांना पहिल्यापासून सांगितलं. बायजाबाई, तुमसरचं स्थळ, पोत्यांआडचं मशीन. डॉक्टरबाई लिहीत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला आणि त्यांनी विचारलं, यांना नळीशिवाय किती वेळ बसवलं होतं. वच्छलाला सांगता आलं नाही.  पलंगावरून पुंडलिकराव म्हणाले, "ते मले विचारा, बाई. तिनं नाही बसवलं. मी बसलो." डॉक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं. कळवू, म्हणाल्या.

नीलेशनं सुटी वाढवली. तो ओसरीवर झोपतो, सकाळी वडिलांना दाढी करून देतो. सध्याच्या मशीनवाल्यानं भाड्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मोठ्या यंत्राचं मात्र हा मशीनवाला विम्याचं उत्तर आल्याशिवाय बोलायला तयार नाही. सोमवारी नीलेशनं कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं, की डॉक्टरांचा अहवाल मिळाला आहे, आधीची माहिती खोटी दिल्याची नोंद मात्र कायम आहे, आणि दोन्हींवर वरचे अधिकारी निर्णय घेतील.

"काय म्हणते?" पुंडलिकरावांनी आतून विचारलं.

"पाहून राहिले म्हणते, मामाजी," वच्छलानं सांगितलं.

आज गुरुवार. फोन आलेला नाही.